आधी मळीची वाट, मग डोंगराची

दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळेला एक गृहस्थ आले. वय ४८. पेठेत दुकान, त्यामुळे दिवसाचे दहा तास बैठक. पोट पुढे आलेले, चेहरा मात्र उत्साहाने फुललेला. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला काही झालेलं नाही. गुडघ्याला चोळायला एखादं मलम तेवढं द्या. पोरानं ग्रॅव्हल बाईक घेऊन दिलीय. रविवारी ज्योतिबा करून पन्हाळा मारायचाय."

मी विचारले, "सायकल येऊन किती दिवस झाले?"

"आजचा तिसरा दिवस."

"आणि त्याआधी सायकल कधी चालवली होती?"

ते हसले. "कॉलेजला असताना."

मी मलम दिले नाही. कंपाउंडरला चहा सांगितला आणि त्यांना आमच्या मास्तरांची गोष्ट सांगितली. तीच आज वाचकांनाही सांगणार आहे. पण त्याआधी ही ग्रॅव्हल बाईक म्हणजे काय आणि ती आपल्या भागात चालवायची कुठे, हे पाहू.

मुरमाच्या रस्त्याची सायकल

ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम. डांबरी रस्त्यावर पळणारी बारीक चाकांची शर्यतीची सायकल आणि डोंगरात धक्के खाणारी जाड चाकांची सायकल, या दोघींच्या मधली ही बहीण. हँडल शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले, पण टायर रुंद. साधारण ३५ ते ५० मिलिमीटर. टायरात हवा कमी ठेवतात, म्हणून बारीकसारीक दगडांचे धक्के टायरच पोटात घेतो. चढासाठी हलके गिअर असतात.

परदेशात या प्रकाराला आता चांगलेच दिवस आले आहेत. इटलीतील टस्कनी भागात पांढऱ्या मातीच्या जुन्या रस्त्यांवरून जुन्या सायकली चालवण्याचा 'लेरोइका' हा सोहळा १९९७ साली सुरू झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या माळरानावर २००६ साली मुरमाच्या रस्त्यांची मोठी शर्यत सुरू झाली, आणि २०२२ मध्ये इटलीतच या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पण वाचकहो, मुरमाच्या रस्त्यासाठी आपल्याला इटलीला जायची गरज नाही. आपल्याकडे त्याला पाणंद म्हणतात. पूर्वी पाणंद म्हटले की लोक नाकाला रुमाल लावत. आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. २०२१ मध्ये राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. जिथे पाणंदी मोकळ्या होऊन त्यांवर मुरूम पडला आहे, तिथे उसाच्या दोन फडांमधून जाणाऱ्या त्या तांबड्या वाटेवर सकाळी सातला सायकल घातली, की फुप्फुसे आपोआप उघडतात.

आणखी एक सांगतो. महागड्या सायकलीवाचून काही अडत नाही. घरातली बावीस इंची सायकल असेल तर मिस्त्रीकडून ब्रेक नीट करून घ्या, चाकांचे आऊट काढून घ्या, चेनला तेल द्या. सपाटीच्या वाटेला ती पुरते. हृदयाला सायकलची किंमत कळत नाही.

पहिली वाट: नदीकाठची मळी

माझ्या दृष्टीने वाटा या औषधाच्या मात्रेसारख्या आहेत. आधी थोडी मात्रा, मग वाढती. पहिली मात्रा नदीकाठची.

कसबा बावड्याहून राजाराम बंधाऱ्यावर यावे. दगडी खांबांच्या मध्ये बरगे घालून पाणी अडवायचे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची, अशी ही व्यवस्था. हे बंधारे इतके आपले, की साऱ्या महाराष्ट्रात त्यांना कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणतात. बंधारा ओलांडून निगवे, वडणगे करीत प्रयाग चिखलीला जावे. इथे कासारी आणि भोगावती भेटतात. कुंभी आणि तुळशी त्याआधीच भोगावतीला मिळालेल्या असतात, पाचवी सरस्वती गुप्त मानलेली. आणि इथून पुढे नदी पंचगंगा होते. संगमावर पाच मिनिटे बसून आंबेवाडीवरून शिवाजी पुलाकडे परत. सगळा फेरा वीसेक किलोमीटरचा, चढ जवळजवळ नाही.

ही मळीची जमीन पुराने घातलेल्या गाळाची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात याच आंबेवाडी-चिखलीच्या लोकांना घरे सोडावी लागली होती. त्यामुळे पावसाळ्यात या वाटेचे नाव काढू नका. बंधारा पाण्याखाली गेला की त्यावरून सायकल दामटणे हा पराक्रम नव्हे. पाणी ओसरल्यावरही चिखलपाण्यात उघडी जखम घेऊन उतरू नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच पाण्यातून अंगात शिरतात.

या वाटेवर पहिले सहा ते आठ आठवडे काढावेत. आठवड्यातून चार-पाच दिवस, रोज तीस ते चाळीस मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाचे आहे. त्यात हे अगदी बसते. वेग किती ठेवायचा? सोपी कसोटी आहे. सायकल चालवताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाणे म्हणता येत असेल तर जोर कमी पडतोय. दोन शब्दांवर दम तुटत असेल तर जोर जास्त होतोय.

दुसरी वाट: पाणंद आणि गुऱ्हाळ

सपाटीची सवय झाली की डांबर सोडून पाणंदीत शिरावे. इथे चढ नाही, पण मुरूम चाकाला धरून ठेवतो. त्याच वेगाला जास्त ताकद लागते, आणि तोल सांभाळताना पाठीचे व पोटाचे स्नायूही कामाला लागतात. मात्रा वाढली ती अशी.

थंडीत वाटेवर एखादे गुऱ्हाळ लागतेच. काहिलीचा वास दुरूनच ओढून नेतो. गुऱ्हाळमालक आग्रहाने ताजा गूळ हातावर ठेवतो. मधुमेह्यांनी इथे मनावर ताबा ठेवावा. तासभर सायकल चालवून जे कमावले ते दोन खड्यांत जाते.

गळीत हंगामात ऊस भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन जातात आणि मागे दिवा असतोच असे नाही. म्हणून अंधारात निघू नये, चांगले उजाडल्यावर निघावे. कुणी पाचट पेटवले असेल तर त्या धुरातून जाऊ नये, दम्याच्या माणसाने तर मुळीच नाही. कुत्रे मागे लागले तर वेग वाढवण्याऐवजी खाली उतरावे आणि सायकल मध्ये धरावी. चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. हळद-चुना भरत बसू नये.

मुरमाच्या हादऱ्यांमुळे दोन तक्रारी हमखास येतात. एक, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या. तळहाताच्या कडेची नस हँडलवर दाबली जाते म्हणून हे होते. हात सारखे जागा बदलून ठेवावेत, कोपर किंचित वाकवावे, हँडल आवळून धरू नये. दुसरी तक्रार गुडघ्याची. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. मागे दुखत असेल तर सीट वर आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग पायडलवर चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. मिस्त्रीला पाना लावायला दोन मिनिटे लागतात. मलमाचा खर्च वाचतो.

तिसरी वाट: ज्योतिबाचा चढ

आता मास्तरांची गोष्ट.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक. तीन वर्षांपूर्वी ते ६१ वर्षांचे होते. बारा वर्षांचा मधुमेह, गोळ्या वेळेवर, पथ्य बरे. त्यांना सायकलवर मीच बसवले. दोन महिने आम्ही दर रविवारी बंधारा ते संगम केला. साखर उतरली, झोप सुधारली. मला त्याचा अभिमान वाटू लागला आणि तिथेच मी चुकलो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मीच म्हणालो, "मास्तर, आज केर्ली फाट्यावरून वर जाऊ. ज्योतिबाचं दर्शन घेऊ, गिरोलीच्या बाजूची झाडी बघू."

ते म्हणाले, "डॉक्टर, परवापासून जिना चढताना जरा दम लागतोय."

मी हसून म्हणालो, "वय झालं मास्तर. चढावर उतरेल दम."

हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही. दुसऱ्या कुठल्याही रुग्णाने नव्याने लागलेला दम सांगितला असता तर मी त्याला आधी टेबलावर झोपवून कार्डिओग्राम काढला असता.

चढाचे गणित काय असते पाहा. फाट्यापासून देवळापर्यंत साडेतीनशे-चारशे मीटरची उंची आहे. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर ते वजन शंभर-सव्वाशे मजले वर चढवून नेल्यासारखे होते. सपाटीवर पायडल मारायचे थांबवले तरी सायकल थोडी पुढे जाते. चढावर ती सवलत नाही. पायांना रक्त जास्त लागते म्हणून हृदय जोरात चालते, आणि जोरात चालण्यासाठी हृदयाच्या स्नायूलाही जास्त रक्त लागते. ते पुरवणारी नळी आतून चिंचोळी झालेली असेल तर सपाटीवर काही कळत नाही. चढ ते उघड करतो.

तिसऱ्या वळणावर मास्तर उतरले आणि कठड्यावर बसले. हवा गार होती, पण शर्ट घामाने भिजला होता. छातीत दुखते का विचारले तर म्हणाले, "नाही हो. जबडा जरा जड झालाय. मळमळतंय."

मला वाटले साखर उतरली. घाम, मळमळ, थकवा, मधुमेही माणूस, सकाळी अर्धीच भाकरी खाल्लेली. मी पिशवीतला गूळ दिला, पाणी दिले आणि थांबलो. पंधरा मिनिटे गेली. साखर उतरली असती तर एवढ्यात चेहऱ्यावर रंग आला असता. आला नाही. नाडी धरली तर बारीक आणि अनियमित. तेव्हा माझे डोळे उघडले. जुन्या मधुमेहात नसा बोथट होतात. हृदयविकाराचा झटका येतो, पण छातीत कळ येतेच असे नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवतो. त्या दिवशी माझ्या लक्षात आले नाही.

आणखी लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, पिशवीत पंक्चरचे सगळे साहित्य होते, ॲस्पिरिनची एक गोळी नव्हती.

देवाची कृपा म्हणून वरून दुधाचा टेंपो आला. कॅन सरकवून मास्तरांना आडवे केले. सायकली तिथेच राहिल्या. तासाभरात शहरातल्या दवाखान्यात पोचलो. झटकाच होता. एक रक्तवाहिनी बंद झाली होती. त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली आणि मास्तर वाचले.

वहिनी आल्या. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. माझ्याकडे बघून एवढेच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बरोबर होतात म्हणून बरं झालं."

या वाक्याचे काय करायचे ते मला तेव्हा कळले नाही, अजूनही पुरते कळलेले नाही. बरोबर होतो म्हणून ते वाचले हे खरे. आणि बरोबर होतो म्हणूनच ते त्या चढावर गेले हेही खरे.

डोंगराला हात लावण्यापूर्वी

तेव्हापासून कुणीही चढाची परवानगी मागितली की मी पुढील गोष्टी सांगतो.

वय चाळिशीच्या पुढे असेल आणि रक्तदाब, मधुमेह, तंबाखू-सिगारेट किंवा घरात कुणाला हृदयविकार यांपैकी एकही असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. रक्तदाब, साखर, कार्डिओग्राम. आणि डॉक्टरांना वाटले तर पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट. नुसता कार्डिओग्राम चांगला आला म्हणजे सगळे उत्तम, असे मानू नये. तो माणूस आडवा असताना काढलेला असतो.

नव्याने दम लागणे, जबडा, खांदा किंवा डावा हात जड होणे, पोटाच्या वरच्या भागात 'गॅस' दाटल्यासारखे वाटणे, थंड घाम, चक्कर; श्रमाच्या वेळी यांतले काही झाले तर सायकल तिथेच ठेवावी. पंधरा मिनिटे वाट बघू नये. १०८ ला फोन करावा. ॲलर्जी किंवा पोटातून रक्तस्राव झाल्याचा त्रास नसेल तर साधी ३०० मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चावून खावी. रुग्णाला चालवत नेऊ नये आणि स्वतः गाडी चालवू देऊ नये.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी निघू नये. साखर मोजायचे यंत्र पिशवीत असावे. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. यंत्र असते तर त्या दिवशी माझा अंदाज पहिल्याच मिनिटाला खोटा ठरला असता.

पाणी तासाला साधारण अर्धा लिटर, घोट घोट. उन्हाळ्यात जास्त, आणि त्यात चिमूटभर मीठ-साखर. मार्च उजाडला की नऊच्या आत घरी. डोक्याला हेल्मेट हवेच. मुरमावर चाक घसरायला वेळ लागत नाही. ढोपर फुटले तर स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवावे. झाडीतून आल्यावर कपडे काढून गोचीड चिकटले आहे का ते पाहावे.

आणि चढावर हलका गिअर लावायला लाजू नये. पाय मिनिटाला साठ-सत्तर फेरे सहज फिरतील असा गिअर ठेवावा. जड गिअरवर रेटत राहिलात तर गुडघेही कुरकुरतात आणि रक्तदाबही चढतो. नाहीच जमले तर खाली उतरून सायकल ढकलत न्यावी. ज्योतिबाला भाविक पायीच जातात, त्यात कमीपणा नाही.

चौथी वाट: राधानगरीची झाडी

ज्यांचे शरीर या तिन्ही मात्रा पचवते, त्यांनी हिवाळ्यात राधानगरीकडे जावे. भोगावतीच्या काठाने वर सरकत गेले की ऊस कमी होत जातो आणि झाडी दाट होते. राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले धरण, त्याचा लक्ष्मी तलाव, आणि पलीकडे गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले दाजीपूरचे अभयारण्य. सगळे अंतर एका दमात तोडायचा हट्ट नको. सायकली गाडीवर टाकून राधानगरीपर्यंत न्याव्यात आणि तिथून पुढचा भाग सावकाश पाहावा. अभयारण्याच्या आत शिरण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करावी. पावसाळ्यात ते बंद असते आणि परवानगीशिवाय आत जाता येत नाही. वाटेत गवा दिसला तर घंटी वाजवू नये, फोटोसाठी जवळ जाऊ नये. लांब थांबून त्याला जाऊ द्यावे. मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून एकट्याने जाऊ नये आणि घरी परतायची वेळ सांगून निघावे.

मास्तर आज

मास्तर बरे झाले. आधी घरात, मग गल्लीत, मग रंकाळ्यावर चालणे, असे करीत हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ते तीन महिन्यांनी पुन्हा सायकलवर बसले. बंधारा ते संगम, तेही निम्मे. पहिल्या दिवशी वहिनी मागून मुलाच्या स्कूटरवर आल्या होत्या.

यंदाच्या हिवाळ्यात त्यांची स्ट्रेस टेस्ट चांगली आली. मग तज्ज्ञांना विचारून आम्ही एका रविवारी केर्ली फाट्यावरून निघालो. सगळ्यात हलका गिअर, दर वळणावर विश्रांती, सारखे बोलत. तिसऱ्या वळणाच्या त्या कठड्यावर आम्ही बसलो. खाली धुक्यात मळीचा पट्टा आणि नदी दिसत होती. मास्तरांनी घाम पुसला आणि माझ्याकडे वळून विचारले, "डॉक्टर, गोळी आणलीय ना?"

मी पिशवी उघडून दाखवली. मग आम्ही तिथूनच परत फिरलो. देऊळ कुठे जात नाही.

राहिले ते दुकानदार गृहस्थ. त्यांचा रक्तदाब निघाला १६४/१०२. त्यांना माहीतच नव्हते. गोळी सुरू केली, मीठ कमी केले, कार्डिओग्राम काढला, सीट दोन बोटे वर करून घेतली. गुडघा आपोआप थांबला. सध्या ते रोज सकाळी बंधाऱ्यावरून वडणग्यापर्यंत जाऊन येतात. परवा आले तेव्हा म्हणाले, "साहेब, पन्हाळा कधी?"

मी म्हणालो, "बोलत बोलत वडणगं गाठता येतं का?"

"गाठतो की."

"गाणं म्हणता येतं?"

"ते अजून नाही जमत."

"मग बरोबर चाललंय. उन्हाळ्याच्या आधी एकदा तपासू, मग बघू."

वाचकहो, सायकल काढा. उद्याच काढा. पण डोंगर दिसला म्हणून लगेच त्याच्या अंगावर जाऊ नका. आधी नदीकाठाशी ओळख करून घ्या.